समोर एकच माणूस, तरी 'यू वेअर' का?

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'आय' एकवचनी म्हणून 'आय वॉज', 'शी' एकवचनी म्हणून 'शी वॉज'. मग एकाच मैत्रिणीशी बोलताना 'यू वॉज' का चालत नाही? आणि 'एस' एकवचनाला लागतो, तर 'आय वॉक्स' का नाही?

प्रश्न रास्त आहे, आणि पहिल्या भागाचं उत्तर मराठीत आपण रोज बोलतो. 'सर, तुम्ही कधी आलात?' यात सर एकच आहेत, पण आपण 'आलास' म्हणत नाही. याला आपण आदरार्थी बहुवचन म्हणतो. इंग्रजीचं 'यू' नेमकं तेच आहे. 'यू म्हणजे तू किंवा तुम्ही' हे अर्थापुरतं ठीक, पण क्रियापद लावताना ते कायम 'तुम्ही'च समजावं.

इंग्रजीत खराखुरा 'तू' होता: 'दाउ'. त्याची क्रियापदंही निराळी, 'दाउ आर्ट', 'दाउ हॅस्ट', 'दाउ वॉकेस्ट'. अनेकांना उद्देशून 'यी' म्हणत आणि 'यू' हे त्याचं कर्माचं रूप होतं, म्हणजे आपल्या 'तुम्हाला'सारखं. तेराव्या शतकापासून, फ्रेंचच्या वळणाने, एकाच मोठ्या माणसालाही बहुवचनाने बोलण्याची रीत पडली. ती इतकी पसरली की सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून 'दाउ' जवळपास गेला, काही बोलींत आणि प्रार्थनांत तेवढा उरला. 'यी'ची जागाही 'यू'नेच घेतली. 'तुम्हाला'ने 'तुम्ही'ला हुसकावलं आणि 'तू'लाही, असं आपल्याकडे घडलं तर कसं वाटेल? मला हा सगळा प्रवास फार विलक्षण वाटतो. सर्वनाम एकट्या माणसासाठी वापरात आलं, पण क्रियापद जुन्या बहुवचनालाच धरून राहिलं.

'यू वॉज' म्हणावंसं वाटणं हेही काही वेडगळ नाही. अठराव्या शतकात चांगली शिकलेली इंग्रज माणसं एका व्यक्तीला उद्देशून तसं लिहीत असत. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२च्या आपल्या व्याकरणात त्यावर कडक टीका केली, आणि पुढे ते प्रमाण भाषेतून बाहेर पडलं. काही बोलींत आजही ऐकू येतं. परीक्षेत मात्र 'यू वेअर'च लिहा.

आता 'एस'. तो नुसत्या एकवचनाची खूण नाही. तृतीय पुरुष, एकवचन आणि साधा वर्तमानकाळ, तिन्ही एकत्र आले तरच तो लागतो. पूर्वी इतर पुरुषांनाही प्रत्यय होते, 'वॉकेस्ट' हा त्यातलाच. ते झडले, हा एक टिकला. भूतकाळात तर 'आय वॉक्ड, शी वॉक्ड, दे वॉक्ड' सगळं सारखंच, वेगळेपण फक्त 'वॉज-वेअर'मध्ये. नकारात 'डू' आला की 'एस' त्याच्याकडे जातो: 'शी डझन्ट वॉक'. 'शी डझन्ट वॉक्स' ही चूक मी वहीमागून वहीत पाहिली आहे.

या झडण्याचा परिणाम सर्वनामावर झाला. 'चालतोस' म्हटलं की ऐकणारा 'तू' आहे आणि पुरुष आहे हे क्रियापदातूनच कळतं, म्हणून आपण 'तू' खुशाल गाळतो. 'वॉक' यातलं काहीच सांगत नाही, म्हणून इंग्रजीत कर्ता सहसा गाळता येत नाही. 'पाऊस पडतोय' म्हणायला 'इट इज रेनिंग', आणि ते 'इट' कशाचंच नाव घेत नाही, फक्त कर्त्याची जागा भरतं. मराठीतून विचार करणारा 'इज रेनिंग' लिहून मोकळा होतो.

'यू'मागे माणसं किती, हे मात्र एका ठिकाणी शब्दातच दिसतं. एकटीला 'यू वेअर टॉकिंग टु युवरसेल्फ', दोघींना 'यू वेअर टॉकिंग टु युवरसेल्व्ह्ज'. 'वेअर' दोन्हीकडे तोच, वचन उघड होतं ते शेवटच्या शब्दात.