अवस्था, प्रावस्था आणि बिचारा द्रायू

'क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माला पदार्थाची अवस्था म्हणावं की प्रावस्था?' असा प्रश्न आला आहे. (क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण, ग्लुऑन म्हणजे त्यांना जोडून ठेवणारा डिंक.)

प्रावस्था. बर्फ, पाणी, वाफ या प्रावस्था (इंग्रजीत 'फेज'). 'अवस्था' काय, लग्नघरात यजमानांचीही होते. खरी गोम 'प्लाझ्मा'त आहे.

'प्लाझ्मा म्हणजे आयनीभूत वायू' हे शाळेतलं वाक्य इथेही चिकटवलेलं ऐकलं की मस्तकात तिडीक जाते. सुमारे १.८ लाख कोटी केल्व्हिनला प्रोटॉन-न्यूट्रॉनच विरघळतात, तिथे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, कुठून आणणार? मराठी विश्वकोशाने प्लाझ्माला 'आयनद्रायू' केलं. (ग्रीक 'आयन' म्हणजे जाणारा, आपल्या उत्तरायणातल्या 'अयना'चा चुलतभाऊ. असो.) साध्या प्लाझ्माला ते शोभतं, इथे 'आयन' खोडा, कोशकार रागावले तरी चालेल. उरतो तो द्रायू, आणि हा शब्द घडवणाऱ्याला माझा दंडवत! 'द्रव'चा द्र घेतला, 'वायू'चं शेपूट जोडलं, झाला फ्लुइड. याला कृत्रिम म्हणून नाक मुरडणारे हिंदीतला 'तरल' मात्र बिनदिक्कत उचलतात. मराठीत तरल असते ती कविता.

आता गंमत बघा. अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत सोन्याची अणुकेंद्रं एकमेकांवर आदळवली, तेव्हा बहुतेकांची अपेक्षा वायूची होती : क्वार्क सुटे होऊन मोकाट फिरतील. २००५ साली जाहीर झालं की हा जवळजवळ आदर्श द्रव आहे, चिकटपणा नाममात्र. मग 'क्वार्क-द्रव' म्हणा, असं एका पदार्थविज्ञानवाल्या मित्राचं म्हणणं. चूक! पाणी ३७४ अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या २१८ पट दाबापलीकडे गेलं की द्रव कुठे संपला नि वायू कुठे सुरू झाला, हे सांगताच येत नाही. द्रव्य आणि प्रतिद्रव्य (उलट्या विद्युतभाराच्या कणांचं द्रव्य) जवळपास समसमान असताना क्वार्कांचंही तेच : थंड होता होता त्यांचे पुन्हा प्रोटॉन वगैरे बनतात, पण मध्ये कुठे उंबरठा लागत नाही. द्रव-वायूचा सांधा दिसू न देणाऱ्या या प्रकाराला द्रायूपेक्षा नेमका शब्द दाखवा.

अर्थात उंबरठाच नाही, तर काटेकोर अर्थाने वेगळी 'प्रावस्था' तरी कसली? तुमचा प्रश्न इथे जरा अडचणीत येतो. द्रव्याचं पारडं खूप जड असेल तर तो उंबरठा उमटावा, अशी अटकळ आहे. शोध चालू आहे.