‘असो’ म्हणून सोडलेली मुलगी

पत्र: मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. मुलांना आपल्या घराबाहेरचं जग कळावं, इतरांचं दुःख समजावं म्हणून दर गुरुवारी नववीला अवांतर वाचनाचा तास घेतो. सध्या कैकाडी या भटक्या समाजातल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन मोठ्याने वाचून दाखवतोय. काही पालकांनी पुस्तकातल्या भाषेवरून तक्रार केली. मुख्याध्यापक म्हणतात, बंद करा. दोन-तीन मुलं वाचताना खिदळतात. त्या समाजाची एक मुलगी वर्गात आहे. तिच्याकडून मुलांना जिवंत अनुभव ऐकायला मिळेल असं वाटलं होतं, पण ती हल्ली नेमकी त्याच तासाला पाणी प्यायला जाते. असो. पालकांना कसं पटवू?
– एक शिक्षक

सर,

पालकांचं राहू द्या. मुख्याध्यापकांचंही. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस पाण्याच्या टाकीपाशी उभा आहे आणि तुम्ही त्याच्यावर ‘असो’ लिहून मोकळे झालात.

वर्गात काय घडत असणार ते डोळ्यासमोर आणा. पुस्तकात ‘कैकाडी’ शब्द येतो. तुमचा आवाज जरा खाली जातो, मायेनेच जातो. नजर क्षणभर तिच्या बाकाकडे वळते. तुमच्यामागोमाग सगळ्या वर्गाच्या माना वळतात. चौदा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं. पुढच्या पानावर भूक असेल, अपमान असेल, आणि तो सगळा आता तिच्या घरचा म्हणून ऐकला जाणार. ‘जिवंत अनुभव’ म्हणता तुम्ही. ती वर्गात शिकायला येते, नमुना म्हणून नाही.

आणि पुस्तक तरी कोणतं? गावोगाव फिरणाऱ्या घरातला बाप पोराला शाळेत घालतो, त्या पोराची ही गोष्ट. ती वाचली जात असताना त्याच समाजाची मुलगी वर्गातून उठून जाते. तुम्ही वाईट माणूस नाही. चुकली ती पद्धत.

म्हणून एकच करा: येत्या गुरुवारपासून हे पुस्तक मोठ्याने वाचणं थांबवा. बंदी म्हणून नव्हे. ते कपाटात ठेवू नका, टेबलावर ठेवा, इतर पुस्तकांमध्ये. पट पंचेचाळीसचा असेल तर पन्नास वेगवेगळी पुस्तकं लागतील. शाळेच्या ग्रंथालयातून निघतील तेवढी काढा, उरलेली तालुक्याच्या वाचनालयातून आणा. शेतकऱ्याच्या घरातली, वाड्यातली, मोहल्ल्यातली, गिरणगावातली, दुसऱ्या भाषेतून आलेली. भटक्यांवरचं एकच पुस्तक ठेवलंत तर ते पुन्हा तिच्याच नावावर जमा होईल. तीन-चार ठेवा, आणि त्यात माणसं नुसती रडत नसावीत, भांडावीत, थापा माराव्यात, प्रेमात पडावीत. सगळ्यांना खाकी कव्हर घाला. नोंदवहीत मुलांनी पुस्तकाचा फक्त दाखल क्रमांक लिहायचा. कोण काय वाचतंय हे शेजाऱ्याला कळायची गरज नाही. दहा पानांनंतर पुस्तक बदलून हवं असेल तर कारण विचारायचं नाही.

पस्तीस मिनिटांचा तास असेल तर वीस मिनिटं मुकाट वाचन, दहा बोलणं, पाच देवघेव. खिदळणाऱ्यांची काळजी करू नका. ती मुलं सगळ्यांच्या नजरेपुढे अवघडतात आणि हसून सुटका करून घेतात. एकट्याने वाचताना हसायचं कुणासाठी?

बोलण्याच्या दहा मिनिटांत ‘तुला त्याच्या जागी काय वाटलं असतं?’ हा प्रश्न टाळा. उत्तर ठरलेलं असतं, आणि सगळ्या वह्यांत एकच ओळ येते: ‘आपण गरिबांना मदत केली पाहिजे.’ ही दया झाली, आणि दयेला समोरचा माणूस नीट दिसावा लागत नाही. त्याऐवजी पुस्तकातलंच विचारा: या पानावर कोण काय लपवतंय आणि कुणापासून? कुणाला बसायला सांगितलं, कुणाला उभं ठेवलं? ‘तुमच्यात’, ‘तुमच्याकडे’ हे शब्द त्या दहा मिनिटांत वर्ज्य.

भटक्यांबद्दल शिकवायचंच असेल तर कायदा शिकवा. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो 1952 साली रद्द झाला. त्यात आलेल्या जमातीत जन्मलं की माणूस संशयित. पोलिसांकडे हजेरी द्यायची, कुंपणाच्या वसाहतीत राहायचं. सोलापुरात तशी वसाहत होती. त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. फळ्यावर ‘हजेरी’ शब्द लिहा आणि विचारा, रोज सकाळी मी घेतो ती हजेरी आणि ती हजेरी, फरक काय? मग माना फळ्याकडे वळतील. तिच्याकडे नाही.

मोठ्याने वाचायची हौस उरलीच, तर तुमच्या स्वतःच्या समाजाला टोचणारं पान निवडा आणि ते वाचताना वर्गाकडे बघा. आवाज खाली जातो का, ते तुम्हालाच कळेल.

तिला बोलावून माफी वगैरे मागू नका, तो पुन्हा एक तमाशा होईल. तासाला ती पाणी प्यायला निघाली तर जाऊ द्या, ‘कुठे निघालीस’ विचारू नका. टेबलावरची पुस्तकं तास संपल्यावरही मधल्या सुट्टीभर तशीच राहू द्या.

मुख्याध्यापकांकडे जायचं ते हे दोन महिने करून झाल्यावर, नोंदवही हातात घेऊन.