डिबगर लागतो म्हणून कुणी हसलं तर

काल दादरला गाडी बदलताना तू म्हणालास, टीममधला एकजण ‘डिबगर लागतो म्हणजे कोड वाचता येत नाही’ असं ऐकवतो. डिबगर म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत काय चाललंय ते बघायचं साधन, त्यात लाज कसली! मनाला लावून घेऊ नकोस रे. २००० साली लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सनेही डिबगर आवडत नाहीत असं साफ लिहिलं होतं. तरी २००८ मध्ये, २.६.२६ आवृत्तीत, केजीडीबी हा डिबगर लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आलाच. आणि गंमत बघ, २००५ मध्ये कोडमधले बदल नोंदवायला हाताशी धड साधन उरलं नाही तेव्हा गिट लिहायला बसला तोही हाच माणूस!

लिनसचं म्हणणं अगदीच फोल नव्हतं, हं. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबायची खूण, लावून नुसतं पुढे पुढे गेलं की लक्षण झाकलं जातं, मूळ चूक तशीच राहते. म्हणून आधी व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम किंमत साठवतो त्या नावात) काय असेल ते वहीत लिही, मग डिबगरमध्ये ताडून बघ. बग, म्हणजे चूक, कधी शिरला हेच कळत नसेल तर गिट बायसेक्ट चालव; तो कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, निम्मे-निम्मे करत शोधतो, त्यामुळे हजार कमिट असले तरी साधारण दहा चाचण्यांत सापडतो.

मी दोन वर्षं नुसत्या प्रिंटवर, म्हणजे किमती स्क्रीनवर छापून बघत, काढली, ऐटीत. रोज शेवटची कर्जत लोकल पकडायचो.

आणि बिल्डच्या, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवायच्या, कमांड अजून हातानेच टाइप करतोस ना? त्या आधी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एकदम चालवता येईल अशा फाइलीत, टाक.