तरंगणारा बर्फ वितळून पाण्याची पातळी वाढत नाही, मग आइस शेल्फ तुटण्याची चिंता कशासाठी?

आपण विचारले आहे की, पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला तरी पाण्याची पातळी वाढत नाही, तर अंटार्क्टिकाच्या काठाने समुद्रावर तरंगणारे आइस शेल्फ तुटल्याने समुद्र का वाढावा. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात विज्ञान शिकवतो आणि हाच प्रश्न जवळजवळ दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारते. प्रश्नातील पहिली गोष्ट बरोबर आहे, हे आधी मान्य करतो. समुद्राचे पाणी खारे असल्याने किंचित फरक पडतो, पण तो नगण्य आहे.

मार्चअखेर गावातली रसवंती सुरू झाली की मी तिथून लादीच्या बर्फाचे दोन तुकडे आणतो. एक तुकडा पाण्याच्या घमेल्यात नुसता सोडतो. दुसऱ्या घमेल्यात विटा रचून तुकडा त्यांच्यावर ठेवतो, म्हणजे त्याचे वजन विटांवर राहते. दोन्हींत पाण्याच्या कडेला खडूने रेघ मारतो. तास संपेपर्यंत पहिल्या घमेल्यातले पाणी रेघेवरच असते आणि दुसऱ्यातले रेघ बुडवून वर आलेले असते. पहिला तुकडा म्हणजे आइस शेल्फ, दुसरा म्हणजे जमिनीवर टेकलेली हिमचादर. धोका दुसऱ्या तुकड्याचा आहे, आणि तो जागेवर राहण्यात पहिल्याचा मोठा वाटा आहे.

हिमचादर घट्ट दिसत असली तरी ती स्वतःच्या वजनाने अतिशय सावकाश वाहत असते. तिचा बर्फ हिमनद्यांवाटे समुद्रापर्यंत येतो, एका ठिकाणी तळाची जमीन सोडतो आणि पुढे तरंगत पसरतो. जमीन सुटते त्या रेषेला ग्राउंडिंग लाइन म्हणतात आणि तिच्यापुढचा शेकडो मीटर जाडीचा तरंगता पट्टा म्हणजे आइस शेल्फ. (भारताचे अंटार्क्टिकावरील पहिले केंद्र, दक्षिण गंगोत्री, अशाच एका शेल्फवर उभारले होते आणि पुढे ते बर्फाखाली गाडले गेले.)

सोयाबीनचा भाव पडलेला असला की आमच्याकडे माल घरातच साठवतात. खोलीत छातीइतकी रास लागते आणि ती बाहेर येऊ नये म्हणून दारात आडव्या फळ्या लावतात. फळीचे वजन ते काय, पण मागचे कित्येक क्विंटल ती अडवून धरते, कारण तिची दोन्ही टोके चौकटीत अडकलेली असतात आणि पुढून एखादा दगड टेकवलेला असतो. आइस शेल्फही असेच काम करते. ते खाडीच्या दोन्ही काठांना घासत पुढे सरकते, मध्येच समुद्रतळावरच्या एखाद्या उंचवट्यावर अडते, आणि हा अडथळा मागच्या हिमनदीला रेटून धरतो.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही, प्रत्यक्ष घडलेले आहे. 2002 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अंटार्क्टिकातील लार्सन बी या आइस शेल्फचा सुमारे 3,250 चौरस किलोमीटरचा भाग, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडा अधिक, जेमतेम महिनाभरात चुरा होऊन गेला. त्याच्या पृष्ठभागावर उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याची डबकी साचली होती. आपल्या काळ्या जमिनीच्या भेगा पहिल्या पावसाने मिटतात. बर्फाच्या भेगेत मात्र पाणी शिरले की, ते बर्फापेक्षा जड असल्याने, भेग तळापर्यंत फाकवत नेते. शेल्फ गेल्यानंतर त्याला मिळणाऱ्या काही हिमनद्यांचा वेग दोन ते आठ पटींनी वाढल्याचे उपग्रहांनी मोजले. त्याच वेळी शेजारच्या फ्लास्क आणि लेपर्ड या हिमनद्या, ज्यांच्यापुढे शेल्फचा उरलेला तुकडा शाबूत होता, त्यांचा वेग तेव्हा फारसा बदलला नाही. याहून स्पष्ट पुरावा मागावा असे मला वाटत नाही.

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. 2017 मध्ये शेजारच्या लार्सन सी या शेल्फपासून ए-68 नावाचा सुमारे 5,800 चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, तेव्हा साऱ्या जगात त्याच्या बातम्या झाल्या. तो लार्सन बी च्या तुटलेल्या भागापेक्षा कितीतरी मोठा होता, तरीही मागच्या हिमनद्यांवर त्याचा लक्षणीय परिणाम दिसला नाही, कारण तो भाग कोणाला अडवून धरणारा नव्हताच. म्हणून किती बर्फ तुटला यापेक्षा तुटलेला बर्फ कशाला टेकलेला होता हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आता सागरी हिमचादरीकडे येऊ. जिचा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे ती सागरी हिमचादर. पश्चिम अंटार्क्टिकाचा मोठा भाग असा आहे. इथे सोयाबीनचा दाखला अपुरा पडतो. फळी काढली तर रास थोडी ओघळते, तिचा उतार जमला की थांबते. पश्चिम अंटार्क्टिकाखालची जमीन मात्र अनेक ठिकाणी समुद्राकडून आत जाताना खोल होत जाते. ग्राउंडिंग लाइन मागे सरकली की ती अधिक खोल जागी, म्हणजे अधिक जाड बर्फापाशी पोहोचते, आणि त्या रेषेवरून बाहेर पडणारा बर्फ जाडीच्या तुलनेत फार वेगाने वाढतो. गणिताने हा संबंध जाडीच्या चौथ्या-पाचव्या घातादरम्यान येतो, म्हणजे जाडी दहा टक्क्यांनी वाढली तर प्रवाह सुमारे दीडपट होतो. जास्त बर्फ बाहेर गेल्याने चादर आणखी पातळ होते, पातळ झाल्याने आणखी मागचा भाग तरंगू लागतो, आणि रेषा आणखी खोलात जाते. हिमनद्यांचे अभ्यासक योहानेस वीर्टमन यांनी 1974 मध्ये ही अस्थिरता मांडली, आणि दुसरे अभ्यासक जॉन मर्सर यांनी 1978 मध्ये तापमानवाढीच्या संदर्भात पश्चिम अंटार्क्टिकाबद्दल इशारा दिला.

आइस शेल्फचे खरे मोल इथे कळते. पुढे भक्कम शेल्फ रेटून उभे असेल तर आत उतरत्या जमिनीवरही ग्राउंडिंग लाइन स्थिर राहू शकते. तो आधार काढला की हा अपवाद संपतो.

आणि आधार जाण्यासाठी शेल्फ तुटावेच लागते असे नाही. पश्चिम अंटार्क्टिकाला लागून असलेल्या अमुंडसन समुद्रात खोलवरून येणारे, गोठणबिंदूपेक्षा काही अंशांनी उबदार असलेले पाणी शेल्फला खालून झिजवते. वरून चित्रात काहीच बदललेले दिसत नाही, पण शेल्फ पातळ होऊन उंचवट्यावरून सुटू लागते, काठांशी त्याची पकड ढिली होते. याच समुद्राला मिळणाऱ्या थ्वेट्स हिमनदीचे क्षेत्र सुमारे 1,92,000 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दोन विदर्भ, आणि तिचा सर्व बर्फ समुद्रात गेला तर जगाची समुद्रपातळी सुमारे 65 सेंटीमीटरने वाढेल. हे काम वर्षांचे नसून शतकांचे आहे, आणि त्याचा वेग किती राहील यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तिच्या पूर्वेकडील शेल्फवर भेगा वाढत आहेत आणि ते कधी तुटेल याची चर्चा वृत्तपत्रांत वारंवार येते. परंतु 2023 मधील संगणकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की, हे शेल्फ उद्या तुटले तरी हिमनदीच्या पुढील काही दशकांतील वेगावर मोठा फरक पडणार नाही, कारण ते आजच फार थोडा आधार देत आहे.