चिऱ्याच्या जुन्या घरात भिंती न फोडता केबल न्यायला कोणती अवजारं घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीजवळ तुमचं जुनं कौलारू घर आहे, फायबरचा मोडेम पुढच्या खोलीत बसवलाय आणि राजांगणापलीकडच्या (घराच्या मधल्या चौकापलीकडच्या) खोल्यांत वायफाय पोचत नाही. तिथवर लॅन केबल न्यायची आहे, भिंती फोडायच्या नाहीत, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या केबल ओढायच्या किटपैकी कुठलं घ्यावं हे हवंय. मी फोंडा, डिचोली, साखळी या भागांत घरांमधली नेटवर्कची आणि कॅमेऱ्यांची वायरिंग करतो. तुमच्यासारखी घरं नेहमीच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ते मोठं किट घेऊ नका. व्हिडिओत जी जादू दिसते ती बहुतेक अमेरिकेतल्या घरांची असते. तिथे लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड ठोकलेले असतात आणि मधे पोकळी. त्या पोकळीत वरून साखळी सोडायची, खालून चुंबकाने पकडायची, वाकणारं बिट आत घालून आडव्या लाकडाला भोक पाडायचं, सगळं तिथे चालतं. आपली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत भरीव. तिच्या आतून केबल खाली-वर नेण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे कामं दोनच: भिंत आरपार ओलांडायची, आणि लांबचं अंतर वरून, छताखालून काटायचं. अवजारं या दोन कामांपुरतीच घ्या.

आता पहिलं अवजार, जे किटमध्ये नसतं: चांगली शिडी आणि डोक्याला लावायचा टॉर्च. काहीही विकत घेण्याआधी माळ्यावर चढून बघा. पुष्कळ कौलारू घरांत मधल्या भिंती कौलांपर्यंत जातच नाहीत, तक्तपोशीच्या (कौलांखालच्या फळ्यांच्या छताच्या) जरा वर संपतात. तसं असेल तर तशा भिंतींना भोकच पाडावं लागणार नाही, केबल भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे जाईल. वर गेलात की पाय फक्त तुळईवर ठेवा. तक्तपोशीच्या फळ्यांवर भरवसा ठेवू नका. बाहेरून रंग झकपक असतो आणि आतून वाळवीने फळी पोखरलेली असते. जिप्समचं फॉल्स सीलिंग असेल तर त्यावर गुडघाही टेकू नका. तो बोर्ड साधारण साडेबारा मिमी जाडीचा असतो आणि स्वतःचं वजन पेलण्यापुरताच असतो.

जिथे भिंत ओलांडावीच लागेल तिथे लांब बिट लागतं. हे मात्र चांगलं घ्या, किंवा हॅमर मशीनसकट (ठोके देत भोक पाडणाऱ्या ड्रिलसकट) भाड्याने आणा. जुन्या घरांत दीड फूट, काही ठिकाणी दोन फूट जाडीची भिंत भेटते, म्हणून आधी दरवाजाच्या चौकटीपाशी टेप लावून जाडी मोजा. बिट घेताना एक गोष्ट विचारा: पाकिटावरची लांबी एकूण आहे की कामाची? ६०० मिमीच्या बिटाचा साधारण ५० मिमी भाग मशीनच्या तोंडात जातो, भिंतीत साडेपाचशेच शिरतो. दीड फुटाच्या भिंतीला, म्हणजे गिलाव्यासकट ४७०-४८० मिमीला, ते पुरतं. दोन फुटांना १००० मिमीचं लागेल, नाहीतर दोन्हीकडून पाडून मधे भोकं जुळवावी लागतील.

नुसती केबल घालायला १२ मिमीचं भोक पुरेसं आहे. मी मात्र तेवढ्यावर थांबत नाही. भिंतीत २० मिमीचा पीव्हीसी पाइप बसवतो आणि त्यातून केबल नेतो, म्हणून २२ मिमीचं भोक पाडतो. पुढे केबल बदलायची झाली, फायबर आतपर्यंत न्यायची झाली, तर भिंतीला पुन्हा हात लावावा लागत नाही. चिऱ्याच्या खरबरीत कडांनी केबलची सालही निघत नाही.

भोक पाडताना भुकटीकडे बघत राहा. आधी पांढरी पडते, तो चुन्याचा गिलावा. मग तांबडी येऊ लागते, म्हणजे चिरा लागला. मधेच बिट सुळकन पुढे गेलं आणि कोरड्या भुकटीऐवजी माती आली, तर सांधा लागलाय किंवा चिऱ्यातला चिकणमातीचा कप्पा. जुन्या घरांतले चिरे बऱ्याचदा मातीतच रचलेले असतात. सांध्यात मोठं भोक पाडलं की आतली माती सुटत राहते आणि भोक ढासळतं. म्हणून आधी ६ मिमीच्या बारीक बिटाने चाचपून घ्यायचं, चिऱ्याचा भरीव भाग सापडला की लांब बारीक बिटाने तेच भोक सरळ पलीकडे काढायचं. पलीकडे टोक दिसलं की मग मोठं बिट दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं चालवायचं. एकाच बाजूने दामटलं तर पलीकडचा चुन्याचा गिलावा ताटाएवढी खपली होऊन पडतो, आणि तो नीट करणारा गवंडी आज मिळणं कठीण. गिलाव्याचा थर पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवून मशीन नुसतं फिरवा. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावाच. चुन्याची भुकटी डोळ्यात गेली तर नुसती खुपत नाही, जाळते.

भिंतीला ग्राइंडरने खाचा पाडून केबल आत गाडण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. जुन्या चुन्याच्या भिंतीला ते करू नका, हे मी कळकळीने सांगतो. ग्राइंडरच्या हादऱ्याने खाचेपासून हातभर लांबचाही गिलावा पोकळ होतो, आणि वरून मारलेलं सिमेंट ओल धरणाऱ्या भिंतीवर टिकत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत फुगून सुटतं. भिंतीवर केबल दिसणं चालत नसेल तर केसिंग-केपिंगची (केबल झाकायची प्लास्टिकची) बारीक पट्टी चौकटीच्या कडेने न्या आणि भिंतीच्याच रंगात रंगवा.

भोक पाडण्याआधी त्या भागात वीज आहे का ते बघायला हवं. तुमच्याकडे लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग असेल तर ती डोळ्यांना दिसतेच. नंतर कोणी गाडलेली वायरिंग केली असेल तर बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन बोर्डांच्या मधल्या आडव्या रेषेत बिट लावू नका. वायर शोधणारा डिटेक्टर मिळतो, तो उपयोगी आहे, पण पावसाळ्यात ओल्या भिंतीवर तो सगळीकडेच वाजतो. त्याच्यावर सोडून देऊ नका, मेन स्विच बंद करा आणि मशीन शेजारच्या घरातून वायर आणून चालवा.

आता वरचं काम. छताखालून लांबवर केबल सरकवायला फायबरग्लासचे रॉड घ्या. साधारण एक-एक मीटरचे तुकडे असतात, एकमेकांत आटे फिरवून लांब होतात, टोकाला आकडा किंवा कडी लागते. तुमच्या घरात सगळ्यात जास्त हेच वापराल. तक्तपोशीची एक फळी एका टोकाला सोडवायची, दुसरी दुसऱ्या टोकाला, आणि मधलं अंतर रॉडने पार करायचं. फॉल्स सीलिंग असेल तर फळीही काढावी लागत नाही. वीज बंद करून गोल एलईडी दिवे स्प्रिंगवरून खाली ओढले की तीन-चार इंची तयार भोकं मिळतात. एका दिव्याच्या भोकातून रॉड सरकवा, पुढच्या भोकातून पकडा. रॉड अडला तर जोर करू नका, मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा त्याच भोकातून आत घालून बघा. बोटापेक्षा बारीक असतो, टोकाला दिवे असतात, किंमतही आवाक्यातली. बहुतेक वेळा लोखंडी पट्टीची कड किंवा लटकवलेली तार आडवी आलेली दिसते. रॉड जरा फिरवला की निघतो.

आणि ज्या खोलीत चवथीला माटोळी (गणपतीच्या वर फळंपानं टांगायची चौकट) बांधता, तिथे गणपतीच्या जागेवरून केबल नेऊ नका. दरवर्षी तिथे दोऱ्या ओढल्या जातात, आकडे लागतात, वजन लटकतं. भिंतीच्या कडेने वळसा घ्या.

मागच्या बाजूला नव्याने बांधलेल्या खोल्या असतील, तर तिथे स्लॅबमध्ये आणि भिंतीत पाइप गाडलेले असणार. तिथे इलेक्ट्रिशियन ज्याला नुसतं ‘स्प्रिंग’ म्हणतात ती, म्हणजे पाइपातून वायर ओढायची लांब लवचिक पट्टी, लागते. विजेच्या वायरी असलेल्या पाइपांत स्टीलची घालू नका, नायलॉनची घ्या, आणि तरीही मेन बंदच ठेवा. लॅन केबल मात्र विजेच्या पाइपातून कधीच नेऊ नका. २३० व्होल्टच्या वायरीचं इन्सुलेशन कुठे गेलं तर तो करंट तुमच्या संगणकापर्यंत येईल. टीव्हीसाठी किंवा टेलिफोनसाठी टाकलेला रिकामा पाइप शोधा. त्यात स्प्रिंग बेंडपाशी अडत असेल तर एक जुनी युक्ती हमखास चालते: पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा लहान तुकडा बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधायचा, पाइपाच्या एका तोंडात ठेवायचा आणि दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा. पाइप मधे सिमेंटने बुजलेला नसेल तर दोरा काही सेकंदांत पलीकडे येतो. दोऱ्याने दोरी ओढा, दोरीने केबल.

केबल दोरीला बांधायची पद्धत नीट समजून घ्या, कारण अर्धी कामं इथेच बिघडतात. केबलची बाहेरची साल दोनेक इंच सोला. आतल्या चार जोड्यांपैकी दोन कापून टाका, उरलेल्या दोन दोरीच्या किंवा स्प्रिंगच्या कडीतून ओवून मागे वळवा आणि स्वतःभोवतीच पिळा. मग कडीपासून सुरू करून केबलच्या सालीवर चार बोटं येईपर्यंत इन्सुलेशन टेप ताणून गुंडाळा. टोक पेन्सिलीसारखं निमुळतं व्हायला हवं, कुठेही पायरी राहता कामा नये. आरजे-४५ प्लग (लॅन केबलच्या टोकाचा प्लग) आधी लावू नका, सगळं ओढून झाल्यावर लावा. ओढायला दोन माणसं हवीत, एक मागून सोडणारा, एक पुढून ओढणारा. कॅट-६ ला (लॅन केबलचा नेहमीचा प्रकार) साधारण ११ किलोपेक्षा जास्त ताण देऊ नये असं मानक आहे, म्हणजे एका हाताने सहज येईल तेवढंच. अडलं की हिसका नको, मागे घेऊन पुन्हा. पाइपात थोडी टाल्कम पावडर फुंकली की केबल सरकते. तेल किंवा ग्रीस लावू नका, साल खराब होते. कोपऱ्यावर काटकोनात मोडू नका, केबलच्या जाडीच्या चौपट तरी गोलाई ठेवा, म्हणजे इंचभर.

आणि केबलबरोबर एक जादा नायलॉनची दोरी ओढून तिथेच सोडून द्या. आपल्याकडे बरेच जण जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) तार सोडतात. गोव्याच्या दमट हवेत ती गंजते, आणि हवी असते त्या वेळी हातात तुकडा येतो.

केबल घेताना शंभर टक्के तांब्याचीच मागा. दुकानात स्वस्तातली मिळते तिच्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढुरकी दिसली तर परत करा. माळ्यावर उंदीर असतीलच, म्हणून तिथला सगळा भाग पाइपातून न्या. राजांगणाच्या कडेने उघड्यावरून जाणारा तुकडा बाहेरच्या वापराची काळी केबल असू द्या, साधी करडी केबल उन्हाने तडकते. बाहेर उघडणारं प्रत्येक भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकून जाईल, भिंतीत शिरणार नाही. पाइपाभोवतीची फट सिलिकॉनने भरा. बाहेरचं हे काम जूनच्या आधी उरका. गोठा किंवा आउटहाउस वेगळं असेल तर तिथवर तांब्याची केबल नेऊ नका, फायबर न्या. मे आणि ऑक्टोबरमधल्या विजांच्या कडकडाटात दोन इमारतींमधल्या तांब्याच्या केबलमुळे दोन्हीकडची उपकरणं जळलेली मी पाहिली आहेत.

पलीकडच्या खोलीत केबल संपते तिथे प्लग पॉइंट नसेल तर त्यासाठी वेगळी विजेची वायरिंग करू नका. पीओई वर चालणारा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) घ्या, त्याला वीज लॅन केबलमधूनच मिळते. तांब्याची केबल घ्या म्हणालो त्याचं हेही एक कारण, मुलाम्याच्या केबलमधून पीओई देताना तार तापते. २३० व्होल्टचं काही बदलायचंच असेल तर ते परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, लॅनचं काम तुम्ही स्वतः करू शकता.

एकूण खरेदी करायची ती अशी: फायबर रॉडचा संच, नायलॉनची स्प्रिंग, दोरी, एंडोस्कोप, क्रिंपिंगचा पाना (केबलला प्लग बसवायचा) आणि साधा केबल टेस्टर. मशीन आणि लांब बिट भाड्याने. राजांगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी आणि वर तक्तपोशी आहे की फॉल्स सीलिंग, एवढं इथे लिहिलंत तर केबल कुठून न्यावी आणि किती मीटर लागेल ते सांगतो.