बालगृहातल्या मुलीची सोबत करताना

ताई, सतरा वर्षांच्या मुलीची सोबत करायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच बघा:

- कागदपत्रं आत्ताच. आधार, बँक खातं, शाळेचा दाखला. अठरा पूर्ण झाले की बालगृह सुटतं, मग एकेका सहीसाठी हेलपाटे. अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्रही काढा. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर १ टक्का आरक्षण आहे.
- २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाचा, म्हणजे बालगृह सुटलेल्या मुलामुलींसाठीच्या निवासाचा, आधार मिळू शकतो. बऱ्याच मुलांना हे कुणी सांगतच नाही.

नवे लोक भेटवस्तू नेतात, भूतकाळ उकरतात, मोठी वचनं देतात. तसं नको. रविवारी अकराला येते म्हणालात तर अकरालाच पोचा. सोडून गेलेली माणसं तिने खूप पाहिलीत. सुरुवातीला ती कदाचित बोलणारही नाही. तरी जात राहा.