कावळा शिवला, पण माझ्या शब्दाला नाही

"मॅडम, माझ्या वडिलांसाठी अख्खा तालुका रडला. मला एकदाही रडू आलं नाही. माझं त्यांच्यावर प्रेमच नव्हतं का?"

माणूस चौतीस वर्षांचा. पुण्यात नोकरी, घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडांनी येतच असतो. विचारणाऱ्याला मात्र दर वेळी वाटतं की असा निष्ठुर आपण एकटेच. म्हणून त्याला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्याची गोष्ट इथे सांगते आहे.

वडील सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक. शाळा सुटली की खो-खोचं मैदान, आणि निवृत्तीनंतर तर सकाळ-संध्याकाळ मैदानच. पोरं त्यांना 'सर' म्हणायची, घरात ते 'अण्णा'. कुणाची परीक्षा फी भरली, कुणाला बूट घेऊन दिले, एका मुलीच्या बापाच्या ओसरीवर तीन संध्याकाळी जाऊन बसले तेव्हा कुठे ती जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली. गावच्या जत्रेतल्या कबड्डीसाठी वर्गणी गोळा करायलाही हेच पुढे. 2024 च्या पावसाळ्यात एका पहाटे झोपेतच गेले.

पुढच्या जानेवारीत, 19 तारखेला, दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं आणि दोन्ही कर्णधार मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. सरांच्या जुन्या खेळाडूंचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर रात्रभर एकच वाक्य येत राहिलं, "सर आज हवे होते." याने शे-सव्वाशे मेसेज वाचले आणि ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा, सरांचा मुलगा ग्रुपमधून निघून गेला.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मंडळाने स्मृतिचषक ठेवला होता आणि मुलाने पाच मिनिटं बोलावं असा आग्रह होता. तो वही घेऊन बसायचा आणि एक ओळ सुचायची नाही. म्हणून माझ्याकडे आला होता.

पहिल्या भेटीत त्याने वडिलांबद्दल जे सांगितलं ते सगळं दुसऱ्यांचं होतं. "निःस्वार्थी", "देवमाणूस", "पोरं घडवली". शोकसभेतलीच वाक्यं. मी विचारलं, "यातलं तुमचं कोणतं?" तो बराच वेळ गप्प बसला आणि मग दहाव्याचं सांगायला लागला.

घाटावर पिंड ठेवले होते. कावळे समोरच्या झाडावर होते, पण खाली येत नव्हते. याने हात जोडून म्हटलं, "अण्णा, आईला अंतर देणार नाही." काही नाही. मामांनी सांगितलं म्हणून पुन्हा म्हटलं, "घर-शेत सगळं नीट बघेन." तरी काही नाही. अर्धा तास गेला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात सरांचा एक जुना खेळाडू पुढे आला, डोळे पुसत म्हणाला, "सर, पोरांची प्रॅक्टिस बंद पडू देणार नाही." आणि कावळा शिवला.

"सगळ्यांनी हात जोडले, कुणीतरी म्हणालं, बघा, जीव मैदानातच अडकला होता. मॅडम, तेव्हा मला कळलं. शेवटपर्यंत आम्ही दुसऱ्या नंबरावरच."

हे सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही. दुखणं किती खोल आहे ते मला त्यावरूनच कळलं. कावळा का शिवतो, कधी शिवतो यावर मी त्याच्याशी एक शब्दही वाद घातला नाही. "तो निव्वळ योगायोग" असं म्हणणं सोपं होतं, पण त्याच्या मनात तो वडिलांनी दिलेला निकाल होता आणि निकाल असा पुसता येत नाही. मी एवढंच विचारलं, "त्या क्षणी तुम्ही कुणाकडे बघत होतात?"

"आईकडे."

"आणि त्या?"

"तिने तोंडाला पदर लावला होता." मग थांबून, "कावळा शिवला म्हणून सुटल्यासारखं झालं की तिलाही लागलं, ते मी विचारलंच नाही."

इथे रडण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मूळ प्रश्न तोच होता. रडू आलं नाही म्हणजे दुःख नाही, असं नसतं. काही माणसांचं दुःख हातापायांत उतरतं. या मुलाने तिरडीपासून तेराव्यापर्यंत सगळं अंगावर घेतलं, मग मृत्यूचा दाखला, बँक, आईचं निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावरची वारसनोंद. लोक म्हणाले, किती धीराचा. ज्याला धीराचा म्हणून नावाजलं त्याला नंतर कोसळायची सोय उरत नाही. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार अशा दुःखाच्या पाच पायऱ्या म्हणून जे सगळीकडे फिरतं, तेही लोकांनी फार कडक करून ठेवलंय. 1969 साली त्या मांडल्या गेल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. मला नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी 1999 साली मांडलेलं जास्त पटतं. त्यांचं म्हणणं असं की दुःखातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो, कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढच्या कामांकडे, आणि ही ये-जा चालू असणं हेच निरोगी. याची ये-जा थांबली होती. तो फक्त कामांच्या बाजूला उभा होता, कारण पलीकडे गेलं की तो कावळा दिसायचा.

आणि राग होता. वडिलांवर राग आहे हे म्हणायला त्याला तीन भेटी लागल्या. चौदा वर्षांखालच्या जिल्हा संघाची निवड होती, निवड समितीत अण्णाच. हा वर्षभर घासला होता. यादी वाचली गेली, त्यात याचं नाव नव्हतं. घरी येऊन ना समजावलं, ना कारण सांगितलं. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही. "पाटीवर बसलेल्या गड्याला मागून खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, मॅडम. मी अजून बसलोय."

मी त्याला विचारलं, अण्णा मैदानावरून घरी आले की पहिलं काय करायचे? माणूस कसा होता हा प्रश्न अशा वेळी कामाचा नसतो. त्याला भाषणातलंच उत्तर येतं. तो माणूस चप्पल कुठे काढायचा, हे विचारावं.

तर अण्णा मागच्या दाराने यायचे. मैदान 27 बाय 16 मीटरचं, पाटी, चौकोन, सगळ्या रेषा स्वतः फक्कीने आखायचे, त्यामुळे पँटची मोहरी पांढरी असायची आणि आईने त्या पँटीला पुढच्या दाराने बंदी केली होती. मोरीत पाय धुवायचे आणि थेट परातीशी बसायचे. आई अंगणवाडीसेविका, संध्याकाळी तिची रजिस्टरं भरायची असायची. भाकऱ्या अण्णा थापायचे. "नखांत फक्की राहायची ना, म्हणून आई आधी त्यांचे हात उलटे-सुलटे करून बघायची, शाळेत बाई बघतात तशी. मगच पीठ द्यायची. रोज. आम्ही दोघं भावंडं हसायचो."

हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. मग हसणं तिथंच राहिलं आणि तो म्हणाला, "त्या यादीच्या रात्री त्यांनी मला पहिली भाकरी वाढली. पहिली भाकरी नेहमी आईला असायची. मी ताट सरकवलं. ती भाकरी तशीच राहिली."

त्या दिवशीही तो रडला नाही. मीही वाट पाहिली नाही.

मी त्याला दोन कामं दिली. एक, अण्णांना पत्र लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही, आणि त्यात तक्रार आधी. निवडीचं, कावळ्याचं, सगळं. दुसरं, भाषण वेगळ्या वहीत. व्यासपीठावर हिशेब चुकता करायचा नसतो, पण खोटंही बोलायचं नसतं. दुसऱ्या कुणाला माहीत नाही असं एकच सांगायचं. पत्र बारा पानांचं झालं. संघात का घेतलं नाही याचं उत्तर त्याला मिळालेलं नाही, आणि ते देणारं आता कुणी नाही. तो राग अजूनही थोडा आहे. असू दे. गेलेल्या माणसावर रागावता येणं म्हणजे त्याच्याशी नातं चालू असणं, असं मी मानते.

शोकसभांमध्ये बोलणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. "ते घरापेक्षा मैदानावर जास्त असायचे" हे वाक्य कौतुक म्हणून म्हणू नका. पहिल्या रांगेत त्यांची माणसं बसलेली असतात. त्या पोरांचं रडणंही खरंच असतं, त्यात माझा वाद नाही. पण घरच्यांना भेटायला गेलात तर तुमची आठवण सांगून झाल्यावर त्यांची एक मागा.

रडू येत नाही म्हणून घाबरू नये, हे खरं. पण सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि वेदना रोज तितक्याच तीव्र असतील, कामात, घरात, झोपण्या-खाण्यात माणूस सावरतच नसेल, तर मदत घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या दुःखाची आता वेगळी नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. जवळ समुपदेशक नसेल तर 14416 या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि जगणंच नको वाटत असेल तर सहा महिने कसले, त्याच दिवशी फोन करावा.

स्पर्धेनंतरच्या शनिवारी तो आला. पाच मिनिटांऐवजी दीड मिनिट बोलला होता. फक्की, नखं आणि परात. जुन्या खेळाडूंपैकी कुणालाच सर भाकऱ्या थापायचे हे माहीत नव्हतं. घाटावर पुढे झालेला तो खेळाडू नंतर येऊन विचारत होता, "खरंच थापायचे? फुगायच्या का?" त्याला सांगताना याचा गळा दाटला, तेवढंच. ग्रुपमध्ये परत गेला नाही, जायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

"आणि आईला विचारलं," तो म्हणाला, "कावळ्याचं."

आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या दिवशीची उरलेली वेळ मी त्यांना दिली. त्या काय बोलल्या ते त्यांचं आहे, ते मी इथे लिहीत नाही.